जमिनीवर राहिलेला फुगा

मुलांसाठी चित्रपट निवडताना आपण वडील माणसे बहुधा एकच कसोटी लावतो : मूल रडेल असे त्यात काही नाही ना? या कसोटीला न उतरणारा, आणि तरीही मुलांना अवश्य दाखवावा असा एक चित्रपट आम्ही नुकताच आमच्या पाच वर्षांच्या नातीबरोबर पुन्हा पाहिला. फ्रेंच दिग्दर्शक आल्बेर लामोरिस यांचा १९५६ सालचा ‘लाल फुगा’. लांबी अवघी ३४ मिनिटे. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार लाभला, आणि पुढील वर्षी मूळ पटकथेचे ऑस्करही. ज्यात संवाद जवळजवळ नाहीत, अशा कृतीच्या पटकथेचा हा गौरव अर्थपूर्ण आहे.

कथा साधी आहे. पॅरिसच्या मेनिलमाँताँ या चढउताराच्या, करड्या भिंतींच्या वस्तीत शाळेला निघालेल्या पास्कालला दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा सापडतो. पास्कालची भूमिका दिग्दर्शकाच्या मुलानेच केली आहे. फुगा त्याच्या मागोमाग हिंडू लागतो. पण बसमध्ये त्याला मज्जाव, शाळेत त्याच्यापायी पास्कालला शिक्षा, आणि चर्चमधूनही दोघांची हकालपट्टी! मोठ्यांच्या व्यवस्थेत फुग्याला कोठेच जागा नाही. आम्हां चर्चला जाणाऱ्यांना हा प्रसंग थोडा बोचतो, आणि तो बोचावा हेच बरे.

समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी या चित्रपटाचे एक मर्म अचूक हेरले होते. फुग्याची करामत संकलनाच्या कात्रीने साधलेली नाही. मुलगा आणि फुगा एकाच चौकटीत, खऱ्या रस्त्यावर वावरतात. युक्ती आहे, पण फसवणूक नाही. म्हणूनच पाहणारे मूल फुग्याला जिवंत मानते, आणि म्हणूनच त्याचा अंत त्याला खराखुरा लागतो. टोळक्यातील एका मुलाच्या गलोलीचा दगड लागल्यावर फुगा फटकन फुटत नाही. त्याची कांती हळूहळू सुरकुतते, तो खाली येतो, आणि मग एक पाय त्याला चिरडतो. नातीने आमचा हात घट्ट धरला.

त्यानंतर साऱ्या पॅरिसमधील रंगीबेरंगी फुगे मालकांच्या हातांतून सुटून पास्कालकडे धावतात आणि त्याला आकाशात उचलून नेतात. हा शेवट पुनरुत्थानाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण नातीने विचारले, “आजोबा, तो लाल फुगा खालीच राहिला ना?”

तिचे निरीक्षण आमच्या रूपकापेक्षा खरे होते. फुगे पुष्कळ आले, तो फुगा आला नाही. आमच्या ओठांवर तयार उत्तर होते : तोही वर गेला. गेल्या वर्षी तिची आजी गेली तेव्हा आम्ही असेच घाईने म्हणालो होतो, “आजी देवाघरी आहे, रडायचं नाही.” तो आमचा विश्वास आहेच, पण तो त्या वेळी आम्ही तिच्यासाठी नव्हे, तर तिचे प्रश्न थांबावेत म्हणून उच्चारला होता. आणि ते थांबले.

या खेपेस आम्ही एवढेच म्हणालो, “हो बाळा, खालीच राहिला.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, “आजीचा चष्मा कुठे आहे?” आम्ही कपाटातून काढून तो तिच्या हाती दिला.

चित्रपटात उणीव नाही असे नव्हे. फुगा फोडणारी मुले केवळ झुंड म्हणून येतात. त्यांच्या दारिद्र्याकडे, हेव्याकडे कॅमेरा वळून पाहत नाही. पण दुःखाच्या बाबतीत लामोरिस प्रामाणिक राहिले आहेत. ते आनंद देतात, मात्र गेलेल्याची भरपाई झाली असे सांगत नाहीत. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरील खिळ्यांचे व्रणही पुसले गेले नव्हते, हे आपण विसरू नये.

हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. मात्र शेजारी बसावे, आणि प्रश्न येण्याआधी उत्तर देऊ नये.