अग्रस्थानाचे व्याकरण : १९७९ ते १९८२ मधील काही इंग्रजी गीतांच्या क्रमाविषयी

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने ४ ऑगस्ट १९५८ पासून ‘हॉट हंड्रेड’ या नावाने शंभर लोकप्रिय गीतांची यादी दर आठवड्यास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या यादीत अग्रस्थानी राहिलेली गीते घेऊन त्यांची आपल्या मताप्रमाणे पुन्हा क्रमवारी लावणे हा पाश्चात्त्य संगीतसमीक्षेतील एक रूढ प्रकार होऊन बसला आहे. डिस्कोचा अखेरचा काळ आणि ‘न्यू वेव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा उदय ज्या वर्षांत एकमेकांस येऊन मिळतात, ती वर्षे या प्रकाराच्या विशेष आवडीची. परंतु अशा क्रमवाऱ्या वाचताना एक उणीव सतत जाणवते. कोणते गीत कोणाच्या वर, हे लेखक आग्रहाने सांगतो. तो क्रम कशाचा, हे मात्र सांगत नाही. प्रस्तुत लेखातही शेवटी क्रमच लावावयाचा आहे. तथापि काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या एका व्याख्यानात मी लावलेला क्रम आज मला चुकीचा वाटत असल्यामुळे, निकषाची चर्चा टाळून पुढे जाणे मला शक्य नाही.

क्रमवाचक संख्याविशेषण आणि गणनावाचक संख्याविशेषण यांतील भेद आपण शालेय व्याकरणात शिकतो व पुढे विसरतो. ‘पाच’ आणि ‘तीन’ यांची बेरीज होते. ‘पाचवा’ आणि ‘तिसरा’ यांची होत नाही. पहिला व दुसरा यांच्यात अंतर किती, हे ‘पहिला’ हा शब्द सांगू शकत नाही. ‘हॉट हंड्रेड’ची यादी त्या काळी दुकानांकडून व नभोवाणी केंद्रांकडून येणाऱ्या अहवालांवर तयार होई, आणि ते अहवाल बहुधा विक्रीचे आकडे नसून क्रमच असत. प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेली पद्धती १९९१ साली आली. म्हणजे आपल्यापुढील यादी ही क्रमांवरून काढलेला क्रम होय. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’तील ‘पायदान’ कान टवकारून ऐकणाऱ्या पिढीस असा क्रम किती खरा भासतो, हे वेगळे सांगावयास नको.

या पद्धतीची विसंगती दाखविण्यास एकच उदाहरण पुरे आहे. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हिचे ‘फिजिकल’ हे गीत नोव्हेंबर १९८१ मध्ये अग्रस्थानी गेले आणि दहा आठवडे तेथे राहिले. त्याच सुमारास ‘फॉरिनर’ या वृंदाचे ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ हे गीतही दहाच आठवडे एका स्थानावर होते. ते स्थान दुसरे. एकाची नोंद इतिहासात झाली, दुसरे अग्रस्थानी गेलेल्या गीतांच्या कोणत्याही यादीत येऊच शकत नाही. दोहोंच्या खपात खरोखर केवढे अंतर होते, याविषयी यादी मुकी आहे. शिवाय १९८१ मध्ये शिखरावर चढलेले ‘फिजिकल’ वार्षिक गणनेत १९८२ चे सर्वप्रथम गीत ठरले, कारण नियतकालिकाचे वर्ष पंचांगाच्या वर्षाशी जुळत नव्हते. आठवडे मोजून गुण ठरविणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. २५ ऑगस्ट १९७९ च्या यादीत ‘द नॅक’ या वृंदाच्या ‘माय शरोना’ने ‘शीक’ या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’ला खाली उतरविले. ‘गुड टाइम्स’ अग्रस्थानी एकच आठवडा होते. ‘माय शरोना’ सहा आठवडे राहिले आणि बिलबोर्डच्या वार्षिक यादीत त्या वर्षाचे पहिले गीत ठरले. त्याआधी १२ जुलै रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडविण्यात आला होता. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना यजमान संघास सोडून द्यावा लागला. या दोन घटना एका सूत्रात ओवून ‘डिस्को मेला आणि न्यू वेव्ह जन्मास आली’ असे सांगण्याची रीत पडली आहे. माझ्या व्याख्यानातही मी तेच सांगितले, आणि ओघानेच ‘माय शरोना’स पहिले स्थान दिले.

ही कथा यादीच्याच पुराव्याने लंगडी पडते. शिकागोतील दहनानंतर पाच आठवडे डॉना समरचे ‘बॅड गर्ल्स’ अग्रस्थानी होते व नंतर ‘गुड टाइम्स’ आले. ही दोन्ही गीते डिस्कोचीच. त्याहून महत्त्वाची गोष्ट निर्मात्यांच्या नावांत दडलेली आहे. ‘माय शरोना’चा निर्माता माइक चॅपमन. ‘ब्लाँडी’ या न्यूयॉर्कच्या वृंदाचे ‘हार्ट ऑफ ग्लास’ हे निःसंशय डिस्कोच्या चालीचे गीत एप्रिल १९७९ मध्ये अग्रस्थानी गेले, त्याचाही निर्माता हाच चॅपमन. ‘बॅड गर्ल्स’मागे जॉर्जो मोरोडर होता, १९८० मध्ये सहा आठवडे अग्रस्थानी राहिलेले ब्लाँडीचे ‘कॉल मी’ रचण्यात व मुद्रित करण्यातही तोच होता. ‘शीक’चे नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्‌स यांनी १९८० मध्ये डायना रॉसला ‘अपसाइड डाउन’ दिले, तेही अग्रस्थानी गेले. १९८३ मध्ये डेव्हिड बोईचे ‘लेट्स डान्स’ शिखरावर पोचले, त्याच्या निर्मितीतही रॉजर्स होता. माणसे तीच, त्यांची कारागिरी तीच. शब्द तेवढा बदलला. व्यापाऱ्यांनी ‘डिस्को’ हा शब्द वगळून ‘डान्स’ हा शब्द चालू केला.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. दुकान बंद होत नाही, तेही ‘वाढवितात’. अशुभ ठरलेला शब्द टाळला जातो. वस्तू जागच्या जागी राहते. डिस्को मेला असे म्हणण्याऐवजी तो वाढविला असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. आणि हा शब्द अशुभ ठरला तो केवळ संगीताच्या कंटाळ्यामुळे नव्हे. डिस्कोचे पोषण झाले ते कृष्णवर्णीय, लॅटिन व समलिंगी नर्तकांच्या नृत्यगृहांत. शिकागोच्या त्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही तबकड्या होत्या, असे मैदानावर काम करणाऱ्या एकाने पुढे सांगितले आहे. मुंबईला या वैराचा पत्ताही नव्हता. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या चित्रपटातील ‘कोई यहाँ नाचे नाचे’ या गीताची चाल उचलली आहे ती ‘बगल्स’च्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’वरून, म्हणजे १९७९ मध्ये इंग्लंडात अग्रस्थानी गेलेल्या न्यू वेव्ह गीतावरून. बप्पी लाहिरींच्या कानास दोन्ही एकच वाटले. चालीच्या मालकीचा प्रश्न बाजूस ठेवला, तर हा कान अमेरिकन समीक्षकांपेक्षा अचूक होता असे मी म्हणेन.

तेव्हा आठवडे नकोत आणि संप्रदायांची नावेही नकोत. मग निकष कोणता? माझा निकष असा: गीतात बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचा सूर खालच्या लयीशी कोणता संबंध ठेवतो. नृत्याची लय ऐकणाऱ्याच्या शरीरास एक गोष्ट सांगत असते. उक्ती तीच गोष्ट सांगत असेल तर गीत सुखद होते, पण लवकर संपते. दोघांत ताण असेल तरच ते पुन्हा ऐकण्याजोगे राहते.

या निकषाने ‘गुड टाइम्स’ पहिले. एडवर्ड्‌सच्या बास गिटारवरील ती उतरती-चढती ओळ सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शब्दांविषयी मात्र फारच थोडे. १९७९ हे अमेरिकेत तेलटंचाईचे आणि महागाईचे वर्ष. अशा वर्षी रॉजर्स व एडवर्ड्‌स यांनी १९३० च्या आसपासच्या महामंदीच्या काळातील गीतांची शब्दकळा मुद्दाम उचलली. ध्रुवपद हे दर्शक सर्वनामाने बांधलेले साधे विधान आहे. त्यातील निश्चयवाचक उपपद मराठीत आणता येत नाही, कारण आपल्या भाषेत ते नाही. पण त्यामुळेच हे सुदिन ‘काही’ सुदिन न राहता कोणीतरी आधी वचन दिलेले ‘ते’ सुदिन होतात. गायिका हे विधान एकसुरात, सर्व मिळून, कोणताही हेलकावा न देता उच्चारतात. आनंदाचे विधान आनंदाच्या स्वराविना केले की त्याचा अर्थ डळमळू लागतो. ऐकणाऱ्याने नाचावे, आणि नाचता नाचता हे खरे आहे का असे स्वतःस विचारावे. दोन्ही एकाच वेळी घडविणारे दुसरे गीत या काळात मला सापडत नाही. इतरांनी त्याचे काय केले हाही पुरावा आहेच. ‘शुगरहिल गँग’चे ‘रॅपर्स डिलाइट’ त्याच वर्षी याच बासच्या ओळीवर उभे राहिले. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने दोन-तीन फिरत्या तबकड्यांवर जे मिश्रण मुद्रित केले, त्यात ‘गुड टाइम्स’, क्वीनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आणि ब्लाँडीचे ‘रॅप्चर’ ही अग्रस्थानी गेलेली तीन गीते एकमेकांत सांधलेली आहेत. समीक्षक जेथे भिंत बांधत होते, तेथे हा तबकडीवादक दार उघडे ठेवून बसला होता.

दुसरे स्थान ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ला. शेफील्डच्या ‘ह्यूमन लीग’चे हे गीत इंग्लंडात १९८१ च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत जुलै १९८२ मध्ये तीन आठवडे अग्रस्थानी होते. स्वतः गायक फिलिप ओकी ते एकेरी तबकडी म्हणून काढण्याच्या विरुद्ध होता, हे येथे गमतीने नमूद करावेसे वाटते. शीर्षक हा नकारार्थी प्रश्न आहे आणि छापील रूपात त्यास प्रश्नचिन्ह नाही. नकारार्थी प्रश्न होकाराची अपेक्षा धरून विचारला जातो; येथे तो विचारणारा मात्र नकाराच्या भयाने ग्रासलेला आहे. पहिल्या कडव्यात पुरुष बोलतो: तिला शोधले मी, घडविले मी. प्रत्येक सकर्मक क्रियापदाचा कर्ता तो आणि कर्म ती. दुसऱ्या कडव्यात सुझान अ‍ॅन सली गाऊ लागते आणि तेच स्थळ, तोच काळ मान्य करून कर्तेपद स्वतःकडे घेते. आपल्या सवाल-जवाबात जबाबाने सवाल सुटतो. येथे जबाबाने सवालच खोटा ठरतो. सलीचा स्वर शिकलेल्या गायिकेचा नाही. दुकानात सहज बोलणाऱ्या मुलीचा वाटावा असा तो सपाट आहे, म्हणूनच ओकीच्या नाटकी खर्जापुढे तिचे म्हणणे खरे वाटते. खाली तालयंत्र निर्विकारपणे चालू असते. ते कोणाचीच बाजू घेत नाही.

‘हार्ट ऑफ ग्लास’ तिसरे. तेही अग्रस्थानी एकच आठवडा होते. १९७५ च्या सुमारास त्याचा पहिला खर्डा तयार झाला होता आणि वृंदातील मंडळी त्याला डिस्कोचे गीत म्हणूनच ओळखत. डेबी हॅरी फसवणुकीची कथा अशा पातळ, उंच स्वरात गाते की ती दुसऱ्या कोणाची वाटावी. दीर्घ तबकडीवरील पाठात वाद्यांच्या मधल्या तुकड्यात काही ठिकाणी आठाऐवजी सातच मात्रा येतात आणि नाचणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो. ज्याचे हृदय काचेचे आहे त्याच्या गीतात हे असेच व्हावयास हवे.

चौथे ‘आय विल सर्व्हाइव्ह’. ग्लोरिया गेनरचे हे गीत मूळ तबकडीच्या मागच्या बाजूस होते. सर्वोत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी पुरस्कार आजवर एकदाच दिला गेला, तो यास. ताल सुरू होण्यापूर्वी भूतकाळ, ताल सुरू झाल्यावर हळूहळू भविष्यकाळ, अशी त्याची क्रियापदांची रचना कोणाही व्याकरणकारास आनंद देईल. ते पहिल्या तिघांच्या खाली आहे ते इतक्याचसाठी की त्याचा स्वर आणि त्याचे शब्द शेवटी पूर्ण एकमत होतात. पाचवे ‘रॅप्चर’, रॅप अंतर्भूत असलेले अमेरिकन यादीतील पहिले अग्रगीत. हॅरी प्रत्येक आघातयुक्त अक्षर नेमके ठोक्यावर ठेवते. ब्राँक्सच्या वक्त्यांना ठोक्याभोवती खेळता येई, तिला ते येत नाही, आणि ते लपविण्याचा तिचा प्रयत्नही नाही. त्यानंतर ‘बॅड गर्ल्स’, ‘कॉल मी’ आणि ‘फंकीटाउन’ यांत मी क्रम लावण्याचा हट्ट धरणार नाही. शेवटच्यातील यंत्रातून गाळलेला मानवी स्वर अजून कानाला टोचतो, हे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल.

आणि ‘माय शरोना’ नववे. त्यातील आरंभीच्या ओष्ठ्य अनुनासिकाची अडखळती पुनरुक्ती मी व्याख्यानात मोठ्या उत्साहाने समजावून दिली होती: इच्छेने जीभ कशी अडखळते, आणि ते अडखळणेच ताल कसे बनते. ते वर्णन आजही मला बरोबर वाटते. मात्र तेथे अडखळणारा आणि ठोकणारा एकच आहे. लय त्याच्या इच्छेला दुजोरा देते आणि ज्या मुलीला उद्देशून हे सारे चालले आहे तिच्या वाट्यास एक हुंकारही येत नाही. व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, ‘सर, आणि शरोना काय म्हणाली?’ वर्गात हशा पिकला आणि मीही हसलो. तीन वर्षांनी शेफील्डच्या एका मुलीने दिलेले उत्तर तेव्हाही माझ्या टेबलावरील तबकड्यांत होते. मी ते त्या दिवशी वाजविले नाही.