डबा, ट्रॅक्टर आणि तेरावा

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचायला दिलं की परत करताना बायका एक तक्रार हमखास करतात, ‘यात काही घडतच नाही बाई!’ मला तर उलट वाटतं. जुन्या नाटकांत घडायचं ते सगळं इथे घडतं. घरचा कर्ता गेलेला, भाऊ वाटणीवर आलेले, दागिन्यांचा डबा थोरल्याच्या ताब्यात, आणि त्याचीच मुलगी शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते ती डबा घेऊन. जुन्या वळणाच्या नाटककाराने यावर पाच अंक रचले असते, पदं घातली असती आणि शेवटी डबा परत आणला असता.

एलकुंचवारांनी साचा तोच ठेवला, वजन मात्र दुसरीकडे टाकलं. १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाला पुढे ढकलतो तो तात्याजींच्या तेराव्याचा खर्च. गावजेवण घालायचं, देशपांड्यांचं नाव राखायचं, पैसे कुणी द्यायचे? कारस्थानी खलनायकाची गरजच उरत नाही. (मृत्युभोजाविरुद्ध आपल्या समाजातही ठराव झाले. ‘लोक काय म्हणतील’चा खर्च संपला का?)

पळून जाण्याचा प्रसंग आपल्याला दिसत नाही, त्याची झळ तेवढी दिसते. चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्येही बागेचा लिलाव रंगमंचाबाहेरच होतो. समोर दिसतं ते रोजचं: दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, किती वाजले विचारत राहणारी दादी, घरासाठी गड्यासारखा राबणारा चंदू. आणि रात्री नवऱ्यासमोर एकेक दागिना अंगावर चढवणारी वहिनी. या प्रसंगापाशी मी दरवेळी थांबते. सोनं अंगावर आलं तरी तिला नुसता आनंद होत नाही. ते आधी ल्यालेल्या घरातल्या बायकाही जणू तिच्या अंगावर येऊन बसतात. परिग्रहाचं ओझं व्याख्यानात कितीदा ऐकलं असेल, पण ते मानेवर, मनगटावर जाणवलं ते इथे.

मास्तर मात्र मला कच्चा वाटतो. डबा घराबाहेर काढायला कुणीतरी हवं, म्हणून तो आणल्यासारखा. तिथे जुन्या नाटकाची शिवण उसवून दिसते.

तरी त्या डब्याचं पुढे काय केलंय बघा. इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’मध्ये पत्रपेटी उघडते आणि नोराचं आयुष्य पालटतं. इथे डबा जातो आणि प्रभा होती तिथेच राहते. वडिलांनी तिचं शिक्षण थांबवलेलं. आपल्या वाट्याचं सोनं विकून शिकावं, एवढंच तिचं मागणं. ते ना भावांनी मनावर घेतलं, ना नाटककाराने तिला एखाद्या टाळीच्या वाक्यावर सोडवलं. आमच्या बेगम बाजारात खाली दुकान, वर घर, आणि तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला हे सगळ्यांना ठाऊक. त्या तिजोरीत मुलीच्या नावाचं सोनं असतं ते लग्नासाठी. फीसाठी ते मोडलेलं तुम्ही किती घरांत पाहिलंत?

‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे याचे पुढचे भाग. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही सलग सादर केले. पण कुणी पुस्तक मागितलं की मी आधी ‘वाडा’च देते, प्रभाच्या पानात खूण घालून.