शोध कोणाला लागला?

‘विस्मृतीत गेलेला’, ‘दुर्लक्षित’, ‘अज्ञात’ ही विशेषणे संगीतविषयक लेखनात फार सढळ हाताने वापरली जातात. गेल्या दोन-तीन दशकांत तर त्यांच्याभोवती जगभर एक व्यवसायच उभा राहिला आहे. जुन्या तबकड्या धुंडाळायच्या, त्या नव्या वेष्टनात दीर्घ प्रस्तावनेसह पुन्हा बाजारात आणायच्या आणि अमुक वादकाचा ‘शोध लागला’ असे जाहीर करायचे. या व्यवसायाने माझ्यासारख्या श्रोत्याला पुष्कळ दिले आहे; त्याच्यावाचून पुढे येणारी बरीचशी नावे माझ्या कानावर पडलीच नसती. तरीही प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावासा वाटतो : हा कलावंत अज्ञात होता, तो नेमका कोणाला? या प्रश्नाचे उत्तर दर वेळी वेगळे येते आणि त्या उत्तरावर आपण ते संगीत कसे ऐकतो हेही अवलंबून असते.

खरोखरच अज्ञात म्हणावा असा एक बँड अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात होता. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन हॅकनी बंधू. बँडचे नाव ‘डेथ’. मोटाउन कंपनीच्या या शहरात कृष्णवर्णीय मुलांनी सोल वाजवावे अशी अपेक्षा होती. हे तिघे वेगवान, कर्कश रॉक वाजवत. १९७५मध्ये त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. मोठ्या कंपनीने रस दाखवला, पण बँडचे नाव बदला म्हणून सांगितले. थोरल्या डेव्हिडने नकार दिला. १९७६मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक छोटी तबकडी काढली, तिच्या प्रती पाचशे. पुढे सारे थंडावले. डेव्हिड २००० साली कर्करोगाने गेला आणि २००९मध्ये शिकागोच्या ‘ड्रॅग सिटी’ या कंपनीने ती जुनी मुद्रणे प्रसिद्ध केली.

इथे ‘शोध’ हा शब्द शोभतो. मात्र सोबत एक मथळाही आला : ‘पंकच्या आधीचे पंक’. ही गाणी ऐकताना मला त्यांत त्याच परिसरातल्या ‘एमसी ५’ आणि ‘स्टूजेस’ या बँडांचा शेजार स्पष्ट ऐकू येतो. हे दोन्ही बँड १९६०च्या दशकाअखेरीसच असा दणदणाट करत होते. मथळ्यातल्या ‘आधीचे’ या शब्दाने हॅकनी बंधूंना मोठेपण मिळते, पण त्यांचा शेजार हिरावला जातो. आकाशातून पडलेला कलावंत विकायला सोपा असतो.

रॉड्रिगेझचे उदाहरण याहून बोलके आहे. डेट्रॉइटच्याच सिक्स्टो रॉड्रिगेझ या गायक-गीतकाराचे दोन अल्बम १९७० आणि १९७१मध्ये आले आणि अमेरिकेत कोणी ते विचारले नाहीत. तो बांधकामावर, घरे पाडण्याच्या कामावर मजुरी करत राहिला. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याची गाणी गोऱ्या तरुणांच्या घराघरांत पोचली होती आणि याचा त्याला पत्ताच नव्हता. १९९८मध्ये तो तिथे गेला तेव्हा भरलेली सभागृहे त्याची वाट पाहत होती. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) हा माहितीपट या कथेवर बेतलेला आहे. त्याला ऑस्करही मिळाले.

माहितीपट प्रेक्षकाला हेलावतो. पण त्यात एक गोष्ट सांगितलेलीच नाही : रॉड्रिगेझ ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१मध्ये त्याने तिथे जाऊन कार्यक्रम केले होते. हे सांगितले असते तर ‘पंचवीस वर्षे कोणालाच ठाऊक नसलेला माणूस’ ही चौकट मोडली असती. शोधाची कथा रंगायची तर आधीच्या श्रोत्यांना गप्प बसवावे लागते, ते असे. इथिओपियाच्या बाबतीत तर एक आख्खे शहरच असे गप्प बसवले जाते. १९६०च्या दशकाअखेरीस आदिस अबाबाच्या रात्री नव्या नगरसंगीताने भरलेल्या होत्या. १९७४च्या क्रांतीनंतर आलेल्या लष्करी राजवटीच्या संचारबंदीने त्या विझल्या. फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच संग्राहकाने ‘इथिओपिक्स’ या मालिकेतून ते संगीत पुन्हा प्रकाशित केले, जिम जार्मुशच्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ (२००५) या चित्रपटातून मुलातू अस्तात्के जगभर पोचला. फाल्सेतोचे काम मोलाचेच आहे. परंतु ज्या शहराने या संगीतावर रात्री जागवल्या, त्याला ते सापडलेले नव्हते. त्याच्याकडे ते होतेच.

आता मुंबईकडे वळू. कारण या व्यवसायातले एक गाजलेले प्रकरण मुंबईचे आहे आणि ते पारखायला लागणारे कान मराठी श्रोत्यापाशी आहेत.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा अनेकांकडे त्यांनी बेस गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवली. १९८२मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. तीन यंत्रे, तिन्ही रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेस यंत्र. तबकडी फारशी खपली नाही. २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि युरोपात एकच गलका झाला : शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढून ज्या अ‍ॅसिड हाउसची सुरुवात केली, ते मुंबईच्या एका वादकाने पाच वर्षे आधीच केले होते! सत्तरी गाठलेल्या चरणजितजींना युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. २०१५मध्ये ते वारले, तेव्हाच्या मृत्युलेखांतही हेच बिरुद पुढे होते.

आपल्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, पण ती टिकत नाही. परंपरा म्हणायची तर कोणी तरी कोणाचे तरी ऐकलेले असावे लागते. घराणे तसेच बनते. शिकागोच्या त्या तरुणांपर्यंत ही तबकडी पोचल्याचा पुरावा नाही. दोन्हीकडे सारखे आहे ते यंत्र. टीबी-३०३ बनवले गेले ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. ते खपले नाही, १९८४मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोत त्याच्या खुंट्या पिळून आवाजाचा पोतच सतत बदलता ठेवला गेला. तिथे सूर जवळजवळ निमित्तमात्र आहेत. चरणजितजींच्या तबकडीत सूर हाच विषय आहे. तिथे भैरव आहे, ललित आहे, मालकंस आहे.

मग ती राग म्हणून ऐकू या. चरणजितजींचा सन्मान मला यात अधिक वाटतो. आपल्याकडे हार्मोनियमवरचा मुख्य आक्षेप दुहेरी होता : तिचे सूर ठोकळेबाज, आणि तिच्यावर मींड निघत नाही. याच आक्षेपांपायी आकाशवाणीने १९४०पासून तीन दशके तिला दूर ठेवले. सिंथेसायझरला पहिला आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. तोडीचा अतिकोमल गांधार बारा बांधलेल्या पट्ट्यांत कुठून सापडणार? या तबकडीतली तोडी मला म्हणूनच कोरडी वाटते. दुसरा आक्षेप मात्र इथे गळून पडतो. टीबी-३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ज्युपिटर-८वरही आहे. हार्मोनियमला जे कधीच जमले नाही ते या यंत्रांना जमते. भूपाळीसारख्या मोकळ्या, पाच स्वरांच्या रागात ही घसर खुलते. भूपाळीत मध्यम-निषाद नाहीत. स्वरांमधल्या मोठ्या उड्या यंत्र सरकत भरून काढते आणि खाली बेसची आवर्तने एखाद्या हट्टी तानपुऱ्यासारखी चालू राहतात.

उणिवाही स्पष्ट आहेत. दहाही रागांना तोच ठोका आणि जवळपास तेवढाच वेळ. पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच दिव्याखाली बसवलेले. रागाचा विस्तार इथे मागूच नये. पण रागाचे चलन यंत्राच्या हाती कितपत टिकते, या प्रश्नाचे इतके गंभीर आणि इतके मजेदार उत्तर त्या काळात मी दुसरे ऐकलेले नाही. ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ हे बिरुद या उत्तरावर झाकण घालते. ते चरणजितजींना दुसऱ्यांच्या इतिहासात मानाची खुर्ची देते. त्यांची स्वतःची चाळीसेक वर्षे मात्र बाहेरच उभी राहतात.

त्या वर्षांत काय होते? तिथे पोचल्यावर अज्ञातपणाचा सगळ्यात मोठा प्रकार दिसतो : ज्यांना सगळ्यांनी ऐकले, पण ज्यांचे नाव कोणी घेतले नाही. ‘अलबेला’ (१९५१) आठवा. भगवानदादांचा नाच आणि सी. रामचंद्र अर्थात चितळकरांच्या चाली मराठी घरांत अजून जिवंत आहेत. त्या चालींना पाश्चात्त्य बँडचा झणका देणारा चितळकरांचा साहाय्यक होता चिक चॉकलेट. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्याच्या हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवादक आपल्या बँडसह ‘अलबेला’च्या पडद्यावरही दिसतो. आपण त्याला पाहिले आहे, ऐकले आहे. ओळखत मात्र नाही.

त्याच्यासारखे गोव्याचे कितीतरी वादक होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला याच विद्येची गरज होती. संगीतकार चाल गुणगुणे. ती पन्नासेक वादकांच्या हाती देण्याजोगी लिहून काढणे, मधले तुकडे रचणे, व्हायोलिनचा ताफा उभा करणे ही कामे अरेंजर करत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते भरजरी वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझांनी बांधलेले. तबकडीवर नावे छापली जात ती गायक, संगीतकार आणि गीतकार यांची. अरेंजर फार तर पडद्यावरच्या नामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून येई.

अँथनी गोन्साल्विस यांचे काय झाले ते पाहा. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे शिक्षक. भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्ये एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभारण्याची खटपट त्यांनी १९५८मध्ये मुंबईत केली. पुढे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) गुरूचे नाव गाण्यात गुंफले. आज देशभर ते नाव लोकांच्या तोंडी आहे आणि अशा नावाचा एक माणूस खरोखरच होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. नाव प्रसिद्ध आणि माणूस अज्ञात, असा चमत्कार दुसरीकडे क्वचितच घडला असेल.

डेट्रॉइटला वापरलेली शोधाची रीत इथे चालत नाही. सापडावी अशी हरवलेली तबकडी इथे नाही. तबकडी घरोघरी आहे. स्ट्रीमिंगची अ‍ॅप्स ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून पुढचे गाणे सुचवतात, पण ती जुन्या तबकड्यांचीच नामावली पुढे चालवतात. व्हायोलिन कोणाचे, मधला तुकडा कोणी लिहिला, हे त्यांना विचारता येत नाही. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’साठी (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’साठी वादकांना, त्यांच्या कुटुंबीयांना भेटून जे काम केले, ते म्हणूनच मला कोणत्याही पुनःप्रकाशित तबकडीइतके मोलाचे वाटते. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीत चित्रपटसंगीतावर उदंड लिहिले गेले, पण ते बहुतांशी गायक-संगीतकारांच्या आठवणींत रमते.

ते वादक आता फार थोडे उरले आहेत. कुठे पेटीत स्वरलिपीचे पिवळे कागद असतील, कुठे एखाद्या घरात कोणाच्या गाण्यात आजोबांनी काय वाजवले हे सांगणारे कोणी असेल. तिथे जाऊन विचारणे, लिहून घेणे आणि मग तेच गाणे पुन्हा ऐकणे, हे काम मराठीत व्हायला हवे. कडव्यांमधला तो ट्रम्पेट आपण सत्तर वर्षे ऐकतो आहोत. तो कोणाचा, हे विचारायला अजून थोडा वेळ आहे.