‘गाणं शोधतो’

एआय एजंटला म्युझिकब्रेन्झची सूची चाळता यावी म्हणून मी एक साधन लिहिलं. त्याचं वर्णन दोन शब्दांचं: ‘गाणं शोधतो’. ‘कट्यार काळजात घुसली’मधलं वसंतराव देशपांड्यांचं पद मागितलं, तर एजंटने १९६७च्या नाटकाऐवजी २०१५च्या चित्रपटातलं ध्वनिमुद्रण ठामपणे पुढे केलं. दोष त्याचा नाही. म्युझिकब्रेन्झमध्ये रचना वेगळी, तिचं प्रत्येक ध्वनिमुद्रण वेगळं. माझ्या ‘गाणं’ने दोन्ही एकाच पोत्यात कोंबली. माणूस गायकाचं नाव बघून थबकेल; एजंटला मात्र माझं वाक्य हेच प्रमाण. सेकंदाला एकच विनंती, ही मर्यादा तेवढी मी इमानदारीत लिहिली होती! आता पहिली ओळ अशी: ‘रचनेची सगळी ध्वनिमुद्रणं गायकांसह देतो, गायक जुळला नाही तर तसं सांगतो.’