बाळ कसं आहे? सोनोग्राफीच्या चित्राचे रसग्रहण

सातारा, कराड, विटा, मिरज. या पट्ट्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्भवतीच्या फायलीत तळहाताएवढा एक गुळगुळीत कागद असतो. घरातले सगळे तो हातात घेतात, उलटसुलट धरून पाहतात आणि पुन्हा फायलीत सरकवतात. खरे तर हे चित्र सावकाश वाचण्यासारखे आहे.

त्याची पहिली खुबी अशी की ते उजेडाने काढलेले नाही, आवाजाने काढलेले आहे. पोटावर जेल लावून प्रोब टेकवला की त्यातले स्फटिक सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत सोडतात. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला साधारण 1,540 मीटर वेगाने जातो आणि वाटेत जे भेटेल त्यावर आपटून थोडाथोडा माघारी येतो. विहिरीत हाक मारावी आणि परतलेल्या आवाजावरून पाणी किती खोल आहे ते ओळखावे, तशी ही रीत. परतायला लागलेल्या वेळावरून खोली ठरते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून उजळपणा. म्हणून पाणी काळे दिसते, हाड पांढरे आणि मांस करडे. एवढ्याच सामग्रीवर सगळे चित्र उभे राहते.

आता चित्राच्या आत शिरू. काळा भाग म्हणजे गर्भजल. त्यात पांढरी कमान दिसते ती डोक्याची कवटी, आणि खाली आखूड, ठळक रेघ आहे ती मांडीचे हाड. विसाव्या आठवड्यात हे हाड जेमतेम 33 मिलिमीटर असते. त्याच्या दोन्ही टोकांना डॉक्टरांनी बारीक फुल्या ठेवलेल्या असतात. माझ्या मते चित्रातली सर्वांत सुंदर जागा हीच. न जन्मलेल्या जिवाची इथे कुणीतरी काळजीपूर्वक मोजदाद केली आहे.

समासातले आकडेही चित्राचाच भाग आहेत. कृष्णाकाठच्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीला आलेल्या बाईला पाळीची तारीख आठवत नसेल, तरी पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की गर्भाचे वय आठवडाभराच्या फरकाने कळते. पुढे प्रसूतीची तारीख आणि बाळाची वाढ, दोन्हींचा हिशेब या एका मापावर चालतो.

चित्रात आईही आहे. गर्भाशयाच्या भिंतीला लागलेला करडा पट्टा म्हणजे वार. ती शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचे तोंड झाकून बसली असेल, तर बाळंतपणात जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. ते आधी दिसले की रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात सिझेरियन ठरवता येते. पाणी कमी आहे का, बाळ पायाळू आहे का, नाळेतून रक्त नीट वाहते का, हेही इथेच वाचायचे. गरोदरपणाबाहेर याच यंत्राने गर्भाशयातल्या गाठी आणि बीजकोशातले सिस्ट दिसतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यात अशी एक रुग्ण होती जिला शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग झाल्याचे मानले गेले होते. ध्वनीने दाखवले की ते बीजकोशाचे सिस्ट आहे. ते काढले आणि ती बाई वाचली. या कलेच्या मुळाशी एका बाईचे वाचलेले प्राण आहेत.

आणि चित्रात एक जागा जाणूनबुजून कोरी ठेवलेली आहे. बाळाचे लिंग तिथे लिहिलेले नसते. तपासणीच्या वेळी भरायच्या एफ फॉर्मवर बाई लिहून देते की मला ते जाणून घ्यायचे नाही, आणि डॉक्टर लिहून देतात की मी ते पाहिले नाही, सांगितलेही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 चा. या कोऱ्या जागेची गरज आपल्याच भागाने सिद्ध केली. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 851 मुली होत्या. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला 19 भ्रूण सापडले. आणि याच भागात साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांचे दलित महिला विकास मंडळ उभे राहिले. गर्भवती बायांना सोबत घेऊन त्यांनी बेकायदा केंद्रे उघडी पाडली. त्या बायांनी अंगावर घेतलेली जोखीम या चित्राच्या इतिहासात मानाने नोंदवली पाहिजे.

ज्या चित्राने बाईला वाचवायचे, त्याच चित्राने तिला जन्माआधी हेरले, हे आपले दुःख आहे. पण दोष चित्राचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. त्यातली मापे, वार, पाणी, ठोके सोडून एकाच जागेवर नजर लावणे म्हणजे चित्र न वाचणेच. ती जागा कोरी राहते तेव्हाच बाकीचे चित्र पूर्ण अर्थाने उजळते.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात हा कागद येईल तेव्हा ‘काय आहे?’ असे कुणालाही विचारू देऊ नका. डॉक्टरांना विचारा: वाढ बरोबर आहे का, पाणी पुरेसे आहे का, वार कुठे आहे, पुढची तपासणी कधी करायची? हे चार प्रश्न सासू-सासऱ्यांनी आणि नवऱ्यानेही शिकून घ्यावेत.