सही कोणाची, कल्पना कोणाची?

खामगाव, चिखली, मलकापूर ही गावे हिंडताना नव्या इमारतींपुढे मी थबकतो, तो कौतुकाने नव्हे. वऱ्हाडातले पश्चिमेचे ऊन अंगावर घेणारी काचेची दर्शनी बाजू, आणि एका गावची इमारत दुसऱ्या गावी नेऊन ठेवली तरी कुणाला पत्ता लागू नये असा तोंडवळा! वास्तुकला शिकणारी मुले याहून ताजे काही देतील. मग बिल्डर त्यांना का विचारीत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. परंतु बिल्डर नकाशा विकत घेत नाही, सही विकत घेतो. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याखेरीज कुणाला स्वतःस वास्तुविशारद म्हणवता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते काढायचे तर अभियंता व चार्टर्ड अकाउंटंट यांच्याबरोबर व्यवसायातल्या वास्तुविशारदाचाही दाखला हवा. त्यातून इकडची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया चुकला की भिंतींना तडे. ते निस्तरायला परीक्षा देऊन गेलेला विद्यार्थी कुठे शोधायचा? दहा इमारती उभ्या केलेल्या माणसाकडे बिल्डर जातो, यात त्याचे काही चुकत नाही.

माझे भांडण पुढचे आहे. सहीबरोबर कल्पनाही त्याच दुकानातून घ्यावी, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ साली १,४२१ आराखडे आले. नावे झाकून निवड झाली, आणि निवडलेला आराखडा निघाला येल विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या माया लिन हिचा. बांधणीची जबाबदारी कूपर-लेकी या अनुभवी संस्थेने उचलली, आणि १९८२ मध्ये स्मारक उभे राहिले. आपल्याकडे मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) १८८८ साली पुरे झाले. त्याच्या बऱ्याच नक्षीकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. आराखडा मात्र स्टीव्हन्सचा. विद्यार्थ्याचे हात चालतात, डोके चालत नाही, ही रीत तेव्हापासूनची म्हणायची!

स्पर्धेची यातायात बिल्डरला परवडणार नाही, हे मान्य. नगरपालिकेला का परवडू नये? मेहकरला किंवा बुलढाण्याला उद्या वाचनालय बांधायचे झाले तर नावे झाकून आराखडे मागवावेत, आणि अनुभवी वास्तुविशारदाची सही पहिल्याच अटीत बांधून घ्यावी. दोघांनी मेहनताना कसा वाटून घ्यायचा, तेही त्याच कागदावर लिहावे. नाहीतर विद्यार्थ्याच्या वाट्याला नारळ आणि प्रशस्तिपत्रक तेवढे यायचे.