द्रावकाचा हिशेब कोण मांडणार?

पनवेलच्या आसपास भाताची झोडणी संपली की पेंढा रचून ठेवतात. या पेंढ्यापासून साखर आणि साखरेपासून इथेनॉल बनते, हे वाचून आम्हालाही कौतुक वाटते. पण अशा लेखांत एक प्रश्न बहुधा सुटून जातो.

पेंढ्यातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. लिग्निनच्या वेढ्यामुळे विकरे त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात १६० ते २०० अंश सेल्सिअसला दाबाखाली पेंढा शिजवला, की बरेचसे लिग्निन विरघळते आणि साखर अधिक मिळते. लेख इथेच थांबतात. वापरलेल्या द्रावकाचे काय?

गणित करून पाहू. किलोभर पेंढ्याला ८ लिटर मिश्रण, त्यात निम्मे अल्कोहोल, असे मानू. ऊर्ध्वपातनाने ९५ टक्के अल्कोहोल परत मिळाले, तरी २०० मिलिलिटर गेलेच. आता मिळकत पाहा. पानिपत येथे २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या कारखान्याची पद्धत वेगळी आहे. पण तिथे २ लाख टन पेंढ्यापासून वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉलचे उद्दिष्ट जाहीर झाले. म्हणजे किलोमागे १५० मिलिलिटर. मिळवले त्याहून गमावले अधिक!

यावरून पद्धतच निकामी ठरत नाही. ९९ टक्के अल्कोहोल परत आले, तर तोटा ४० मिलिलिटरवर येतो. मात्र ऊर्ध्वपातनाला लागणारे इंधनही हिशेबात धरावे लागेल. शिवाय पेंढा हा निव्वळ कचरा नव्हे, ती गुरांची वैरण आहे.

विज्ञान प्रदर्शनात असा प्रयोग दिसला, तर ‘साखर किती मिळाली?’ याबरोबरच ‘द्रावक किती परत आले?’ हे विचारायलाही आपण विद्यार्थ्यांना शिकवू या.